अमावास्येचा डबा

अंबादास, तू गेल्यापासून मला दुपारी झोप लागते. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, दुपारी झोपायची सवय मला कधी लागलीच नाही. आता जेवण झालं की पडदा ओढून आडवा होतो, आणि डोळा मिटतो न मिटतो तोच तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर जातो. तुझ्या वडिलांची कार्डं तिथं अजून टांगलेली असतात. चादरीच्या नक्षीची, मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढवायची पुठ्ठ्याची कार्डं. भोकं पाडलेली, दोऱ्यानं एकापुढं एक ओवलेली, वाशापासून जमिनीपर्यंत लोंबणारी. पत्र्याच्या फटीतून ऊन येतं आणि त्या भोकांतून खाली सांडतं. आपण चौथीत असू. आपल्या सदऱ्यांवर उजेडाचे ठिपके हलत असतात.

"हात लावू नको रे पुस्तक्या, मोर हाय त्यो," तू म्हणतोस.

मला मोर दिसत नाही, नुसती भोकं दिसतात.

"मागावर चढल्याबिगर कसा दिसंल?"

एवढ्यावर जाग येते. पंखा फिरत असतो. बाहेर सोलापूरचं ऊन असतं, ज्यात दूरचा रस्ता ओला दिसतो. आणि काही क्षण मला खरंच कळत नाही की तुला फोन करायचा आहे, की तू आता नाहीस.

त्या मोराची गोष्ट तुझे वडील किती रंगवून सांगायचे. एका पावसाळ्यात उंदरांनी कार्डांची माळ मध्येच कुरतडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माग चालत राहिला आणि संध्याकाळपर्यंत मान नसलेले मोर विणत राहिला. पिसारा फुललेला, पाय जागच्या जागी, आणि मानेच्या ठिकाणी नुसता पांढरा धागा. मालकानं त्या चादरी उलगडल्या तेव्हा आधी तो हसला म्हणे, मग ओरडला. त्यानंतर तुझ्या वडिलांनी नेम केला. कुठलीही नक्षी कापली की तिच्या तीन माळा करायच्या. एक मागावर, एक घरात, एक दुसऱ्याच्या घरात. दुसऱ्याचं घर म्हणजे तुझ्या मामांचं, दोन पेठा पलीकडं. "एका घरातल्या उंदरांना दुसऱ्या घरी जायला वेळ लागतो," असं ते तेलुगूत म्हणायचे आणि तू मला मराठीत सांगायचास.

पुढं तू चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात नक्षीच्या खात्यात लागलास, पुठ्ठा गेला, कॉम्प्युटर आला, पण तुझा नेम तोच राहिला. मला वाटायचं, तुझा वडिलांवरचा जीव आहे, म्हणून. तो कामाचा नेम आहे हे मला माझी बायको, नलिनी, गेल्यावर कळलं.

नलिनीचं वाचन तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? अंध मुलींच्या वसतिगृहासाठी ती सात-आठ वर्षं पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करत होती. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, खिडकी लावून, डोक्यावर पदर घेऊन, कारण पदराआड आवाज चांगला येतो असं तिला तूच सांगितलं होतंस. एकशे चाळीस फायली झाल्या. वसतिगृहाला दिलेल्या सीड्या अभ्यासक्रम बदलला तेव्हा टाकून दिल्या गेल्या. तिच्या मागं जे उरलं ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये.

मग मी ते केलं जे ग्रंथपालच करू शकतो. दुर्मिळ पुस्तकाचं आपण काय करतो? कपाटात ठेवतो, कुलूप लावतो, कुणाला देत नाही. मी नवी कोरी पोर्टेबल डिस्क आणली, सगळ्या फायली उचलून तिच्यात ठेवल्या, कॉम्प्युटरमधल्या पुसून टाकल्या, कारण एकाच पुस्तकाची एकाच खोलीत दुसरी प्रत कशाला? जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. डिस्क मलमलीत गुंडाळून वरच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. काहीतरी नीट लावून ठेवल्याचं समाधान.

अख्खा उन्हाळा ती डिस्क पत्र्याखाली शिजली. पावसाळ्यात काढून जोडली तर आतून टिक् टिक् टिक्. नखानं दार वाजवावं तसं.

तू आलास, कान लावलास आणि पहिल्यांदा मी तुझा चेहरा उतरलेला पाहिला.

"दुसरी कुटं हाय?"

"दुसरी म्हणजे?"

"पुस्तक्या, दुसरी प्रत. ह्याची."

"हीच ती. जपून ठेवलेली."

तू माझ्याकडं बघत राहिलास. रागावला असतास तर बरं झालं असतं. "येवढी पुस्तकं वाचलीस," तू हळूच म्हणालास, "आन एकच माळ केलीस व्हय रे?"

अकरा दिवस ती डिस्क तुझ्या टेबलावर होती. तू काय काय केलंस मला कळलं नाही. पद्मावहिनी म्हणाल्या की नवऱ्याला ताट तिथंच नेऊन द्यावं लागायचं. बाराव्या दिवशी तू एकशे बारा फायली परत आणल्यास. अठ्ठावीस गेल्या. मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्या तर मिळाल्या. तू मात्र त्या अठ्ठावीसांचं सुतक धरल्यासारखा पुढचा महिनाभर गप्प होतास. मी तुझे आभार मानले नव्हते. तुझ्यामाझ्यात ती पद्धत नव्हती. आज ती असायला हवी होती असं वाटतं.

मग आपण डिस्का घ्यायला गेलो. आठवतं? दुकानदार सारख्या दोन घेतल्या तर स्वस्तात देतो म्हणत होता.

"नगं," तू म्हणालास. "दोन कंपन्यांच्या दे. एकाच दिवशी जन्मलेली भावंडं एकाच दिवशी आजारी पडत्यात."

"अण्णा, तुम्ही डिस्का घेताय की सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच हाय. हेच्या घरी एक नांदणार, माझ्या घरी एक."

मी विचारलं, पेनड्राइव्ह का नको, लहानसा, खिशात मावेल. तू म्हणालास, खिशात मावतंय ते खिशातूनच जातंय. मी विचारलं, ती नवी एसएसडी घेऊ का, तिच्यात फिरणारं काही नसतं म्हणे. तू म्हणालास, रोजच्या कामाला घे, लॅपटॉपात टाकू, पण कपाटात ठेवून विसरायला नको. तिला अधूनमधून वीज पाजावी लागते, नाहीतर हळूहळू विसरते. "माणसासारखी," तू म्हणालास. आणि लॅपटॉपवर बदललं की डिस्कवरही आपोआप बदलेल अशी सोय करून दे म्हटलं, तेव्हा तू दुकानातल्या आरशाकडं बोट केलंस. "त्यो बघ. तू उठलास की त्येच्यातला पण उठतोय. आरशाला प्रत म्हणत न्हाईत."

अशी आपली अमावास्या सुरू झाली. मागांना अमावास्येची सुट्टी असायची, तुझ्या वडिलांचा माळा झाडायचा दिवस तोच, म्हणून तूही तोच धरलास. एक प्रत माझ्या लॅपटॉपात, एक डिस्क माझ्या कपाटात, एक तुझ्या घरी. दर अमावास्येला दोन्ही डिस्कांची अदलाबदल. एका महिन्यात तू यायचास, पुढच्या महिन्यात मी. डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. पद्मावहिनी तसल्याच दुसऱ्या डब्यात शेंगाची चटणी द्यायच्या, आणि एकदा तू डबे बदलून आणलेस. मी कौतुकानं चटणी उघडली तर आत डिस्क. तुझ्याकडं उरलेल्या चटणीला तू डिस्क समजून मार्करनं तारीख घातली होतीस. त्या डिस्कला कितीतरी महिने लसणाचा वास होता.

मला वाटायचं अदलाबदल हा तुझा भेटायचा बहाणा आहे. कारखाना सुटला होता, माझी नोकरी संपली होती. तू डबा टेबलावर ठेवायचास, चहा व्हायचा, तुला साखर बंद होती आणि आमच्या घरात ती चालू होती. आपण त्याच त्या वादावर यायचो. तुझं म्हणणं, चौथी प्रत इंटरनेटवर ठेव. माझं म्हणणं, तिचा आवाज मला आकाशात सोडायचा नाही.

"आकाशात कुटं? कुणाच्या तरी गोदामात असतंय. ते पण कॉम्प्युटरच."

"मग तर मुळीच नको."

"का पण?"

"पासवर्ड लागतो. मी तो विसरणार नाही, पण—"

"पासवर्ड तुझ्या डोस्क्यात. डोस्क्याची दुसरी प्रत कुटं हाय?"

वाद तिथंच राहायचा, पुढच्या अमावास्येपर्यंत. तो अजून तिथंच आहे.

आणि मग ती अमावास्या आली, शेवटून तिसरी. तू चहा पीत होतास. सहज म्हणालास, "वैनींचा भूगोल लई भारी हाय की रे. पण नकाशाचं पान आलं की गोंधळत्यात. मुलींना नकाशा कसा सांगायचा कळत न्हाय त्यांना, मग म्हणत्यात, 'हात पुढं करा, हा आपला जिल्हा समजा.'"

माझा कप हातात राहिला. तू 'म्हणत्यात' म्हणालास. 'म्हणायच्या' म्हणाला नाहीस. पाच वर्षं झाली होती, मी एक फाईल उघडली नव्हती. मला जमतच नव्हतं. आणि तू तिला दर महिन्याला भेटत होतास.

"तू ऐकतोस?"

"मग? दर बारीला एक. क्रमानं."

"कशाला? आकडे जुळले की झालं ना. फाईल केवढी आहे ते दिसतं."

"आकडे जुळत्यात रे. आत मान हाय का न्हाय ते कुटं दिसतंय? उघडून ऐकल्याबिगर ती प्रतच न्हवं."

"तिचा आवाज ऐकायचा हक्क तुला कुणी दिला?"

अंबादास, मी हे मोठ्यानं बोललो नव्हतो. मी कधीच मोठ्यानं बोलत नाही. म्हणून ते जास्त लागलं असणार. तू कप खाली ठेवलास. माझ्या कपाटातली डिस्क डब्यात घातलीस, तुझ्याकडची टेबलावर ठेवलीस, टॉवेलाची घडी केलीस. दारात वळून म्हणालास, "तू ऐक की मग. मी थांबतो." आणि गेलास.

पुढची पाळी माझी होती. मी आलो नाही. त्या दिवशी तुझे तीन फोन आले. मी फोन पालथा घालून ठेवला, पुस्तक उघडलं आणि एकच पान कितीतरी वेळ वाचलं. त्याच महिन्यात लॅपटॉपही बंद पडला. मी ठरवलं, राग गेला की तुझ्याकडं नेऊ. तो दुरुस्त करणारा माणूस तूच होतास. राग जायला किती दिवस लागतात याचा अंदाज माझा नेहमीच चुकतो. ह्या वेळी तू माझ्यासाठी थांबला नाहीस.

परवा अमावास्या होती. मी डबा घेऊन तुझ्या घरी आलो. रिकामाच डबा; डिस्क घ्यायचं धैर्य झालं नव्हतं. वाटेत वाटत होतं की तू दारातच म्हणशील, रिकामा डबा घेऊन येतोय लाजसुदीक वाटत न्हाय व्हय.

पद्मावहिनी म्हणाल्या, "येतील म्हणून सांगितलंच होतं ह्यांनी. रागात हाय, पण अमावास्येला येतोय, डबा काढून ठेव म्हणले. मागच्या बारीला संध्याकाळपर्यंत दारातच बसलेते."

त्यांनी तुझ्या टेबलावरचा डबा आणून दिला, आणि त्याच्यासोबत एक शंभर पानी वही. वडिलांच्या कार्डांची नोंद असायची तसल्याच वहीत, तसलेच रकाने. अमावास्या, डिस्क, फाईल, शेरा. तुझं अक्षर. मी तिथंच, तुझ्या खुर्चीत बसून वाचलं.

फाईल ३, बरोबर. फाईल ७, बरोबर, मध्ये कुकरची शिट्टी. फाईल १२, बरोबर, वैनी खोकतात, पाणी पितात, सॉरी म्हणतात. फाईल १९, बरोबर, पाऊस पडतोय. फाईल २६, बरोबर, हसल्या, का ते कळत नाही. फाईल ३५, बरोबर, पुस्तक्या मागून विचारतो चष्मा कुठे.

एवढ्या वर्षांत मी तिच्याबद्दल एक ओळ लिहू शकलो नाही. तू चाळीस लिहिल्यास, प्रत्येकीत 'बरोबर' लिहून.

शेवटची नोंद मागच्या अमावास्येची, मी आलो नाही त्या दिवसाची. फाईल ४१, आवाज फाटतो. ४२, उघडत नाही. ४३, उघडत नाही. आणि खाली, पेन जोरात दाबून: ही डिस्क म्हातारी झाली. पुस्तक्याकडची लवकर बघायला पाहिजे.

म्हणून तीन फोन.

म्हणजे लॅपटॉप बंद, तुझ्याकडची डिस्क जाऊ लागलेली, आणि उरलेली एकच माळ पुन्हा माझ्याच कपाटात, कुलपात, दोन महिने कुणी न ऐकलेली. मी पुन्हा तिथंच येऊन पोचलो होतो, पाच वर्षांपूर्वी होतो तिथं. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता मला माहीत होतं, आणि तू नव्हतास.

वहिनींनी तुझा लॅपटॉप पिशवीत घालून दिला. "घेऊन जावा भावजी. मला काय करायचं त्येचं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू का? आमच्याकडं ह्यांचे फोटो लई हायत. लग्नातले, सहलीचे. पण बोललेलं एक न्हाय. सगळ्यांचं जपून ठेवायचे, आन स्वतःचं एक न्हाय."

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. नलिनी वाचायची त्याच खोलीत बसलो. खिडकी लावली. कपाट उघडलं, डिस्क काढली. लसणाचा वास अजून अगदी थोडासा आहे तिला. जोडली. फिरायला लागली तेव्हा दूरच्या पेठेतला एखादा माग सुरू व्हावा तसा बारीक आवाज आला. नावं दिसली, एकशे बाराच्या एकशे बारा. आकडे जुळत होते. आत मान आहे का नाही ते दिसत नव्हतं.

एक्केचाळीसवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. भिंतीवरची उन्हाची पट्टी कपाटापर्यंत सरकली.

मग तिचा आवाज आला. मला वाटलं होतं की तो मला मोडून टाकेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "मुलींनो, मागच्या वेळी आपण नदीपाशी थांबलो होतो," आणि मला इतकं साधं वाटलं, जणू खरंच आम्ही मागच्या वेळी नदीपाशीच थांबलो होतो आणि मीच उशिरा आलो. एक्केचाळीस शेवटपर्यंत ऐकली. बेचाळीस ऐकली. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती. त्रेचाळीस लावली. पर्जन्यछायेचा प्रदेश. आपलाच. डोंगर ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे होतात, असं ती समजावत होती, आणि तेवढ्यात बेल वाजली.

मी उठलो, अंबादास. खरंच उठलो आणि दाराकडं दोन पावलं गेलो. मग कळलं, बेल फायलीतली आहे.

खुर्ची सरकली. तिची पावलं. दार. आणि लांबून, पण स्वच्छ:

"वैनी, पुस्तक्या हाय का?"

"कॉलेजात गेलेत. या की भावजी. हळू बोला, रेकॉर्डिंग चालूय."

"चालू द्या की. मी काय गाणं म्हणायला आलोय? चहा टाका. साखर दोन चमचे. पद्माला सांगू नका."

"अहो, सगळं ह्यात जातंय!"

"जाऊ द्या. कोण ऐकतंय!"

ती हसली. मग बराच वेळ नुसतं भांड्यांचं वाजणं, तुझं गुणगुणणं, कपबशी. मग ती परत आली, घसा साफ केला, आणि ढग पुन्हा डोंगर ओलांडायला लागले. तिनं ते पुसलं नाही. विसरली असेल, किंवा राहू दे म्हटलं असेल. हे आता कुणालाच विचारता येणार नाही.

काल सकाळी त्याच दुकानात गेलो. दोन डिस्का मागितल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दुकानदारानं मला ओळखलं आणि दोन बाजूंच्या दोन फळ्यांवरून दोन काढल्या. दुपारभर फायली जात होत्या आणि मी जागा होतो. प्रत्येक डिस्कवरची त्रेचाळीस उघडून ऐकली. इंटरनेटवरही एक ठेवली आहे, तू जिंकलास. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय, आणि वही तुझ्याच घरी राहील.

संध्याकाळी डबा घेऊन तुझ्या घरी गेलो. पद्मावहिनींच्या कानाला तुझाच हेडफोन लावला आणि म्हटलं, "ही नलिनीची फाईल आहे. जरा भूगोल ऐकावा लागेल."

त्या ढगांचं ऐकत राहिल्या, नम्रपणे, पाहुण्यांकडं बसल्यासारख्या. मग त्यांचा हात हेडफोनवर गेला आणि तिथंच राहिला. डोळे वाहत होते. थोड्या वेळानं त्या मोठ्यानं बोलल्या, कानावर हेडफोन असला की माणसं बोलतात तशा:

"दोन चमचे! बघा की भावजी. आन मला म्हणायचे, तिकडं मी पाण्यासारखा चहा पितो."

मग म्हणाल्या, "परत लावा."

आम्ही ती तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "दर अमावास्येला मी ऐकू का एकेक? वैनींचं हाय, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "ऐका. ऐकल्याशिवाय ती प्रत नव्हे."

येण्याआधी मी वही उघडली. तुझ्या शेवटच्या ओळीखाली, तुझ्याच रकान्यांत, तुझ्या पेननं लिहिलं: फाईल ४३, बरोबर. मध्ये बेल वाजते, अंबादास येतो.